बेळगावात बसून आतड्याचे ऑर्गनॉइड वाढवायचे तर

ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींपासून लॅबमध्ये वाढवलेला इवलासा अवयव, म्हटलं की पोरं पहिल्यांदा विचारतात मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रव, कुठला घ्यायचा. माझं म्हणणं, सुरुवात कन्सेंट (संमती) फॉर्मपासनं करा. आमच्याकडे खानापूर, निपाणी, चंदगडकडनं आलेला पेशंट घरात मराठी बोलतो आणि फॉर्म असतो कन्नड नाहीतर इंग्लिश. एका आजीला मी असा न कळलेल्या फॉर्मवर अंगठा देताना बघितलंय. एथिक्स कमिटीला प्रोटोकॉल देतानाच मराठी फॉर्म जोडा, आणि पेशी गोठवून वर्षानुवर्षं वापरणार हे त्यात सरळ लिहा.

आता काम. 2009 मध्ये नेदरलँड्सला सातो आणि क्लेव्हर्स या संशोधकांनी उंदराच्या आतड्यातल्या एका स्टेम सेलपासून (मूळ पेशीपासून) छोटं आतडं उभं केलं, रव्याच्या कणाएवढं, आपण त्याच वाटेनं जायचं. कोलोनोस्कोपीत (दुर्बीण घालून आतडं तपासताना) घेतलेले आतड्याचे तुकडे लगेच बर्फावरच्या मीडियात टाका, अँटिबायोटिक घालून, कारण आतडं म्हणजे बॅक्टेरिया आलेच. थंड पीबीएसनं (मिठाच्या बफर द्रावणानं) पाणी नितळ होईपर्यंत धुवा. मग ईडीटीए या रसायनाच्या थंड द्रावणात साधारण अर्धा तास ठेवा, ते कॅल्शियम ओढून घेतं, पेशींची पकड सैल होते, आणि जोरात हलवलं की क्रिप्ट, म्हणजे आतड्याच्या अस्तरातल्या खोलगट नळ्या, सुटतात, मायक्रोस्कोपखाली हातमोज्याच्या बोटांसारखे दिसतात.

मॅट्रिजेलपाशी, म्हणजे पेशींना धरून ठेवणाऱ्या जेलपाशी, सगळ्यांचे हात अडतात. खोबरेल तेल थंडीत गोठतं ना, हे त्याच्या बरोब्बर उलटं, बर्फावर पातळ आणि उबेला घट्ट. म्हणून पिपेटच्या टिप्स आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये टाका, ट्यूब बर्फात आणि 24 वेलची (खळग्यांची) प्लेट मात्र इनक्युबेटरमध्ये तापवलेली, वेलच्या मधोमध 50 मायक्रोलिटरचा थेंब, बुडबुडा येऊ न देता. प्लेट 37 डिग्रीला 10-15 मिनिटं उलटी ठेवा म्हणजे पेशी तळाला बसत नाहीत. मी पहिली प्लेट एप्रिलात केली, एसी बंद होता, टिपमध्येच जेल झालं आणि सगळा नमुना गेला. त्या माणसाची परत कोलोनोस्कोपी थोडीच करणार, अजून मनाला लागतं ते.

मीडियात विंट, आर-स्पॉन्डिन, नॉगिन, ईजीएफ ही पेशी वाढवणारी प्रथिनं लागतात, माणसाच्या पेशींना निकोटिनामाइड वगैरे आणखी काही. दोन-तीन दिवसांनी बदलत जा.

रिजनरेशन (पेशी परत स्वतःला उभारतात का ते) बघायचं असेल तर वाढलेले ऑर्गनॉइड फोडून पेशी सुट्या करा, पहिले दोन दिवस वाय-27632 हे रसायन द्या नाहीतर एकट्या पडलेल्या पेशी मरतात, आणि रोज त्याच वेलचा फोटो काढून किती पेशींनी परत गोळा बांधला ते मोजा. आजारासाठी प्रश्न साधा ठेवा. फोर्स्कोलिन हे रसायन टाकलं की निरोगी ऑर्गनॉइड पाणी ओढून फुगतात, सिस्टिक फायब्रोसिसचे (पेशींतनं मीठ-पाणी नीट न जाणाऱ्या जन्मजात आजाराचे) फारसे फुगत नाहीत, एवढ्यावर औषध लागू पडतंय का ते कळतं. आणि एकाच पेशंटचे 24 वेल म्हणजे एन (नमुन्यांची संख्या) 24 नव्हे बरं का, तो एकच पेशंट, निदान तीन-चार वेगळ्या माणसांचे नमुने घ्याच.

यात रक्तवाहिन्या नाहीत, इम्यून पेशी नाहीत, म्हणून सूज कशी सुरू होते असले प्रश्न एकट्या ऑर्गनॉइडला विचारू नका. पण टोकियोत 2022 मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या आजाराच्या) पेशंटला त्याच्याच आतड्यातनं वाढवलेले ऑर्गनॉइड परत लावले, इथवर गाडी आलीय.

पावसाळ्यात लाईट जाणारच, इनक्युबेटर यूपीएसवर हवा. पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच (पेशी फोडून नव्यानं लावायच्या फेऱ्यांमध्ये) पेशींच्या थोड्या व्हायल (छोट्या कुप्या) लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकून ठेवा, वर कोड आणि पॅसेज नंबर लिहा, पेशंटचं नाव नको.