क्लास लाइव्ह करताना फायरवॉलमध्ये काय उघडायचं

इंदूरला भंवरकुआच्या कोचिंग इमारतींत काय किंवा रामबागेतल्या गाण्याच्या क्लासात काय, लक्षण ठरलेलं असतं: झूम लागतं, चेहरा दिसतो, पण आवाज तुटतो. मग नेटवाल्याला फोन जातो, प्लॅन वाढवला जातो आणि आवाज तुटायचा तो तुटतोच. अशा वेळी पहिला संशय फायरवॉलवर, म्हणजे आपलं नेटवर्क आणि बाहेरचं नेट यांच्यामध्ये बसून ट्रॅफिक गाळणाऱ्या डब्यावर, घ्यावा. त्याने वाट पूर्ण अडवलेली नसते, अर्धीच अडवलेली असते.

झूमचं लॉगिन टीसीपी (प्रत्येक पॅकेट पोचलं की नाही हे पाहणारी पद्धत) ४४३ या पोर्टवरून, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारातून, होतं. वेबसाइट याच पोर्टवर चालतात, म्हणून तो उघडा असतोच. आवाज आणि चित्र मात्र आधी यूडीपीने (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारी पद्धत) जायला बघतात. ती वाट बंद सापडली की झूम मुकाट्याने टीसीपीवर येतं. टीसीपीत एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. वेबपान उघडताना हे जाणवत नाही. बोलताना लगेच जाणवतं.

उघडायचे पोर्ट असे:

झूम: यूडीपी ३४७८, ३४७९ आणि ८८०१ ते ८८१०, टीसीपी ४४३, ८८०१, ८८०२.
गूगल मीट: यूडीपी ३४७८ आणि १९३०५ ते १९३०९, टीसीपी ४४३.
टीम्स: यूडीपी ३४७८ ते ३४८१, टीसीपी ४४३.
ओबीएसमधून (लाइव्ह प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) यूट्यूब लाइव्ह: आरटीएमपीला (व्हिडिओ पाठवायची पद्धत) टीसीपी १९३५, आरटीएमपीएसला (तिचीच एन्क्रिप्टेड आवृत्ती) टीसीपी ४४३.

यूट्यूबसाठी १९३५ उघडत बसू नका. ओबीएसच्या सर्व्हर यादीत आरटीएमपीएस निवडा. प्रवाह एन्क्रिप्टही होतो आणि नवा पोर्टही उघडावा लागत नाही.

हे सगळे नियम बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचे आहेत. आतून सुरू झालेल्या संभाषणाचं उत्तर फायरवॉल आपणच आत घेतो. त्यामुळे कुणी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारं ट्रॅफिक थेट आतल्या मशीनकडे वळवणं) करायला सांगितलं तर करू नका. फायदा शून्य, आणि आतलं मशीन उगाच उघड्यावर पडतं.

क्लासच्या कॉम्प्युटरला डीएचसीपी रिझर्व्हेशनने (मशीनला दर वेळी तोच पत्ता देणारी सोय) एकच आयपी बांधून द्या, शक्यतो लॅन केबलवर. नियमात सोर्स म्हणून तेवढाच आयपी, डेस्टिनेशन वॅन (बाहेरचं नेट), सर्व्हिस म्हणून वरचे पोर्ट. लॉग चालू ठेवा. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळलेला लागू होतो, म्हणून हा नियम ‘डिनाय’च्या, म्हणजे अडवणाऱ्या नियमाच्या, वर सरकवा. मुलांचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच उपकरणांवरचं स्वतंत्र नेटवर्क) हवं.

पोर्ट उघडूनही अडलं तर पुढच्या जागा पाहा. एसएसएल इन्स्पेक्शनमधून (एन्क्रिप्टेड ट्रॅफिक उलगडून तपासणं) या सेवांना सूट द्या. मुलांसाठी वेब फिल्टरमध्ये ‘स्ट्रीमिंग मीडिया’ बंद केलेलं असतं, आणि तीच पॉलिसी क्लासच्या मशीनलाही लागलेली असते. त्याला वेगळी पॉलिसी द्या. सगळ्यात फसवी जागा म्हणजे यूडीपी फ्लड संरक्षण, म्हणजे सेकंदाला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त यूडीपी पॅकेटं आली की अडवणारी सोय. अडीच एमबीपीएसचा व्हिडिओ सेकंदाला साधारण अडीचशे पॅकेटं पाठवतो. मर्यादा त्याहून खाली असेल तर फायरवॉल त्याला हल्ला समजून पॅकेटं टाकून देतो, आणि लॉगमध्ये ते ट्रॅफिकऐवजी बहुधा सुरक्षेच्या वेगळ्या यादीत दिसतं. मर्यादा वाढवा, संरक्षण बंद करू नका.

दोन कंपन्यांची नेट असतील तर लोड बॅलन्सिंगवर (ट्रॅफिक दोन्ही लाइनींत वाटणं) विसंबू नका. क्लासचा आयपी एका लाइनीला बांधा आणि दुसरी फक्त फेलओव्हरला (पहिली बंद पडली तर) ठेवा, नाहीतर एकाच मीटिंगचे तुकडे दोन वाटांनी जातात.

बिटरेट (व्हिडिओ सेकंदाला किती डेटा पाठवतो तो) डाउनलोड पाहून ठरवू नका. क्लासच्याच वेळेला अपलोड मोजा. तो १० एमबीपीएस निघाला तर ७२०पी ला ३,००० ते ४,००० केबीपीएस पुरे. सीबीआर (कायम एकसारखा बिटरेट), की-फ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) दर २ सेकंदांनी. फायरवॉलमध्ये अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा आणि क्लासच्या आयपीला वरचा अग्रक्रम द्या. बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग आपल्या फायरवॉलमध्ये लागली तरच कोण आधी जाणार हे आपल्या हातात राहतं. नेटवाल्याच्या डब्यात लागली तर एका फोनचा फोटो बॅकअपही क्लास अडवतो.

चाचणी आदल्या दिवशी, त्याच वेळेला, दहा मिनिटं घ्या. विंडोजच्या पॉवरशेलची टेस्ट-नेटकनेक्शन कमांड पोर्ट फक्त टीसीपीचे तपासते, यूडीपीसाठी तिच्यावर भरवसा नको. मीटिंग चालू असताना फायरवॉलच्या सेशन यादीत क्लासचा आयपी शोधा: यूडीपी ८८०१ ते ८८१० मधलं काहीच नसून झूमकडे फक्त टीसीपी ४४३ दिसत असेल, तर वाट अजून बंद आहे. झूमच्या सेटिंग्जमधल्या स्टॅटिस्टिक्समध्ये लेटन्सी (पोचायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंद, जिटर (त्या वेळेतला चढउतार) ४० मिलिसेकंद आणि पॅकेट लॉस (हरवलेली पॅकेटं) २ टक्क्यांच्या आत हवा. ओबीएसमध्ये नेटवर्कमुळे फ्रेम गळत असतील तर लाइन किंवा फायरवॉल पाहा. एन्कोडिंगमुळे गळत असतील तर कॉम्प्युटर दमतोय, फायरवॉलला हात लावू नका. तसंच गाण्याच्या क्लासात आवाज सलग येतोय पण तानपुरा गायब होतोय, तर तो झूमच्या गोंगाट-दाबणीचा प्रताप. ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा.

विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलवर सहसा वेळ घालवू नये, बाहेर जाणारं ट्रॅफिक तो मुळात सोडतोच. अँटिव्हायरससोबत आलेला फायरवॉल मात्र तपासा.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा कॉम्प्युटर यूपीएसवर आणि फायरवॉल साध्या प्लगवर, असं सर्रास दिसतं. वीज क्षणभर गेली तरी फायरवॉल उठायला काही मिनिटं घेतो, तोवर वर्ग रिकामा होतो. फायबरचा ओएनटी (फायबरची तार जिथे येते तो डबा), फायरवॉल आणि स्विच तिन्ही यूपीएसवर घ्या, आणि फर्मवेअर अपडेट क्लास नसलेल्या रात्री लावा.