ईस्टरच्या आठवड्यात सेव्हिलला जाताय?
ईस्टर दर वर्षी सरकतो, 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कधीही येतो. 2027 मध्ये 28 मार्चला आहे. तिकीट काढण्याआधी तारीख बघाच. स्पेनमधल्या सेव्हिलला आधीच्या रविवारपासून आठवडाभर मिरवणुका निघतात, गुरुवारची रात्र तर अख्खं शहर जागं. जुन्या भागात हॉटेल घेतलंत, तर टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही. गर्दीतून चाकांची बॅग ओढण्यापेक्षा पाठीवरची सॅक बरी. मेणबत्त्यांचं मेण सांडून रस्ते निसरडे होतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूट घाला. गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, म्हणून औषधं, किरकोळ खाणं बुधवारीच घ्या. इटलीत मात्र गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी नसते, ईस्टरनंतरच्या सोमवारी असते.