विश्वामित्री चढायच्या आधी

बडोद्यात विश्वामित्री नदीकाठी राहत असाल तर पूर यायच्या आधी, जूनमध्येच एक वही करा. घरोघर जाऊन लिहा: अंथरुणाला खिळलेलं कोण, इन्सुलिन कोणाला, वरच्या मजल्यावर जागा कोण देईल. हे फोनवर होत नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या आजी शेजारी बसून चहा घेतल्याशिवाय दुखणं सांगतच नाहीत.

धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांपुढे गेली. म्हणून काळा घोडा पुलाजवळची पातळी २० फूट ओलांडली की आजारी माणसं वर न्या, वरच्या आजवा धरणाचं पाणी येण्याची वाट पाहू नका. मेन स्विच बंद करा. वीज गेल्यावर इन्सुलिन पिशवीत घट्ट बांधून माठाच्या गार पाण्यात ठेवा.

पाणी ओसरताना मुलांना अंगणात सोडू नका. मगरी येतात, दिसली तर लांबूनच वनखात्याला कळवा.