फेजंटसाठी सरकारी गवताळ जमीन कशी सांभाळायची (मिनेसोटाचं उदाहरण)

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया, सगळे ज्याला डब्ल्यूएमए म्हणतात, अशी सरकारी जमीन साधारण १३ लाख एकर आहे. राज्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला मका-सोयाबीनच्या शेतांत याचे तुकडे विखुरलेत आणि फेजंटला आसरा तिथेच मिळतो. पक्षी मूळचा आशियातला, आपल्या रानकोंबड्याच्या भावकीतला.

फेजंट वाढवायचे म्हटलं की लोकांना दोनच उपाय सुचतात, थंडीत दाणे टाका नाहीतर फार्ममधले पक्षी आणून सोडा. सोडलेले पक्षी कोल्ह्या-ससाण्यांच्या पोटात जातात, थोडेच टिकतात. खरा प्रश्न असतो मे ते जुलैमधल्या गवताचा.

एक आधीच सांगतो, जमीन सरकारी आहे, त्यामुळे मनाने काही कापायचं-पेरायचं नाही, डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, त्या भागाच्या वाइल्डलाइफ मॅनेजरशी बोलायचं. व्हॉलंटियर्सना बी गोळा करणं, झुडपं तोडणं अशी कामं असतात.

आता पहिलं काम म्हणजे एप्रिलमध्ये फिरून बघणं. नवीन गवत यायच्या आधी गेल्या वर्षीचं वाळकं गवत उभं आहे का? कारण मादी त्याच्याच आडोशाला जमिनीवर घरटं करते, डझनभर अंडी घालते आणि २३ दिवस उबवत बसते. मग गुडघ्यावर बसून हाताने गवत बाजूला सारा. खाली मेलेल्या काड्यांची चटई लागली, माती दिसलीच नाही, तर अंगठ्याएवढं पिल्लू तिथून चालणार कसं? आणि पहिले काही आठवडे ते जवळजवळ किड्यांवरच जगतं, किडे येतात फुलझाडांवर. म्हणजे वर झाकण, खाली मोकळी वाट आणि मध्ये फुलं, एवढं पाहिजे. नुसतं ब्रोम नावाचं बाहेरून आलेलं गवत माजलेलं रान लांबून हिरवंगार दिसतं पण पिल्लांच्या काही कामाचं नाही.

मग जमिनीचे तीन-चार भाग पाडा आणि दर वर्षी एकाच भागाला हात लावा. हा नियम मोडायचा नाही, कारण सगळं एकदम जाळलं किंवा कापलं तर त्या वर्षी मादी बसणार कुठे.

हात लावायचा म्हणजे मुख्यतः जाळायचं. हे ट्रेनिंग घेतलेल्या क्रूचं काम, काडी ओढून मोकळं व्हायचा प्रकार नाही. वाऱ्याची दिशा, हवेतला ओलावा सगळं आधी लिहून ठरलेलं असतं, कडेने गवत कापून पट्टा केलेला असतो. वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या कडेला आधी आग लावतात, ती वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते, काळा पट्टा चांगला रुंद झाला की मगच समोरच्या बाजूने पेटवतात. ब्रोम थंडीतच लवकर हिरवं होतं, बिग ब्लूस्टेमसारखं तिथलं देशी गवत उन्हाळ्याकडे उठतं, म्हणून वसंत सरताना जाळलं की फटका ब्रोमला बसतो. पण तोवर काही माद्या अंड्यांवर असतात! हे नुकसान होतंच, म्हणून तर एकच भाग. जिथे जाळता येत नाही तिथे गुरं चारतात.

जाळल्यावर रान मोकळं झालं की बी टाकता येतं. पार बिघडलेल्या जमिनीवर आधी तणनाशक मारतात किंवा एक-दोन वर्षं सोयाबीन घेतात, नाहीतर ब्रोम परत डोकं वर काढतं. गवतांत लिटल ब्लूस्टेम, साइडओट्स ग्रामा, आणि फुलांत पर्पल प्रेअरी क्लोव्हर, बर्गमॉट, ब्लॅक-आइड सुझन. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर बी फेकलं तरी चालतं, माती गोठते-वितळते तसं ते आत ओढलं जातं. पहिल्या वर्षी नुसतं तण दिसेल, घाबरू नका, देशी झाडं आधी मुळं खाली सोडतात. तण सहा-आठ इंचांवर छाटत राहा म्हणजे ऊन आत जाईल, रूप यायला तीनेक वर्षं लागतात.

झाडं मात्र काढा. मोकळ्या गवतातलं एकटं कॉटनवूड म्हणजे ससाण्याची आणि घुबडाची बसायची जागा. आपल्याकडेही माळरान पडीक समजून वृक्षारोपण करतात आणि माळढोकाची जागा घालवतात, तसलाच प्रकार. पण दलदलीतल्या कॅटटेलला (पाणकणसाला) हात लावू नका, बर्फाच्या वादळात फेजंट तिथेच घुसतात, आणि त्यांच्या खाण्यासाठी मक्याचा तुकडा ठेवायचाच तर त्याला लागूनच ठेवा.

बाकीची कापणी १ ऑगस्टनंतर.

काम जमलं का ते ऑगस्टमध्येच कळतं. दव पडलेल्या सकाळी माद्या पिल्लांना घेऊन कच्च्या रस्त्यावर अंग वाळवायला येतात, डीएनआर १९५५ पासून २५ मैलांच्या ठरलेल्या रस्त्यांवर त्यांची गणना करतंय. एकाच वर्षाचा आकडा धरून बसू नका, जूनमध्ये गार पाऊस लागला की चांगल्या रानातली पिल्लंही गारठून मरतात, तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवून मगच पुढच्या भागांचा प्लॅन बदला.