काळात उड्या मारणारी कादंबरी वाचताना दोन रकाने आखा

प्रेम, जादू आणि कालप्रवास एकत्र असलेली ऐतिहासिक कादंबरी बहुतेकांची साठ-सत्तर पानांवर अडते. कापसाची वेचणी सुरू झाली की आठवडाभर पुस्तक उघडत नाही, आणि मग कोण कोणत्या सालात होतं तेच आठवत नाही. म्हणून शेवटच्या कोऱ्या पानाला एक चिठ्ठी लावा. डावीकडे सन, उजवीकडे नायिकेचं त्या वेळचं वय. प्रत्येक उडीला एकच ओळ, आणि सोबत काय नेलं तेही: अंगठी, पत्र, जखम. पुढचा घोळ बहुधा त्यातूनच निघतो. प्रेमकथेत आणखी एक खूण हवी: आधीची भेट दोघांपैकी कोणाला आठवते? हे निसटलं तर नायकाचा परकेपणा उगाच रुसवा वाटतो.

साल शकात दिलं असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडव्याआधीच्या तारखांना ७९. शके १७२५ च्या हिवाळ्यात नायिका गाविलगडावर उतरली, तर १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी तो किल्ला घेतला, हे ठाऊक असलेल्या वाचकाची धडधड आधीच वाढते. मात्र इतिहास दर पानाला तपासत बसू नका, प्रकरण संपल्यावर पाहा. जादूचं उलट आहे. तिची किंमत आणि मर्यादा पहिल्यांदा सांगितली जाते तिथेच पेन्सिलची रेघ मारा. वाचनालयाचं पुस्तक असेल तर कागदाचा कपटा ठेवा.