पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची परिभाषा शिकताना या चुका टाळा

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास नव्याने वाचू लागलेला विद्यार्थी अवघड शब्दांना बिचकतो. प्रत्यक्षात त्याचा घात बहुधा सोपे शब्द करतात. लायब्निझचा 'चिदणू' समोर आला की आपण आपोआप थांबतो, कोश उघडतो आणि टीप वाचतो. 'कल्पना', 'मन', 'गुण', 'वस्तुनिष्ठ' हे शब्द मात्र ओळखीचे असल्यामुळे कोणालाही थांबवत नाहीत आणि मग वाक्यागणिक अर्थ लागत असूनही युक्तिवाद कोठे निसटला ते कळत नाही. पुढील चुका प्रामुख्याने अशा ओळखीच्या शब्दांच्या आहेत.

एका शब्दाला एकच अर्थ चिकटवणे

'आयडिया' या शब्दाचा प्रवास पाहिला की ही चूक किती महागात पडते ते ध्यानात येते. प्लेटोच्या लेखी न्याय, समानता, सौंदर्य यांची स्वरूपे (त्याच्या 'आयडिया', म्हणजेच 'आकार') कोणाच्याही मनावर अवलंबून नाहीत. माणूस त्यांचा विचार करो वा न करो, ती आहेतच. जॉन लॉकने मानवी आकलनावरील आपल्या 1690 च्या निबंधात हाच शब्द विचार करताना बुद्धीसमोर जे काही असते त्या सर्वांसाठी वापरला, त्यामुळे लाल रंगाची जाणीवही 'आयडिया' ठरली आणि ती मनाबाहेर असण्याचा प्रश्नच उरला नाही. डेव्हिड ह्यूमने 1739 मध्ये ताज्या, ठसठशीत संवेदनांना 'ठसे' म्हटले आणि त्यांच्या फिकट प्रतींपुरताच हा शब्द राखून ठेवला. लॉकने शब्दाचा मूळ अर्थ बिघडवला आणि आपण तो बहुधा पूर्ववत करत आहोत, असा टोलाही त्याने तळटीपेत लगावला. 1781 मध्ये कांटने 'शुद्ध विवेकाची चिकित्सा' या ग्रंथात पुन्हा तक्रार केली की, ज्याला संवेदना, संकल्पना आणि 'आयडिया' यांतील भेद अंगवळणी पडला आहे त्याला तांबडेपणाच्या प्रतिमेला 'आयडिया' म्हटलेले ऐकवणार नाही. त्याच्या स्वतःच्या वापरात आत्मा, विश्व आणि ईश्वर या विवेकाच्या अशा संकल्पना आहेत की ज्यांच्याशी तंतोतंत जुळणारा कोणताही अनुभव मिळू शकत नाही.

या चौघांनाही 'कल्पना' हा एकच शब्द लावला, तर प्लेटो जगाला मनोराज्य समजत होता असा भास होतो, कारण मराठीत कल्पनेला 'मनाने रचलेले' हा अर्थ पक्का चिकटलेला आहे. म्हणून वहीत शब्द कधीही एकटा लिहू नये. 'प्लेटोचे आकार', 'लॉकच्या कल्पना', 'ह्यूमचे ठसे आणि कल्पना', 'कांटच्या विवेक-संकल्पना' अशा नावासह नोंदी केल्यास अर्धा गोंधळ तेथेच संपतो.

याहून फसवा शब्द 'वस्तुनिष्ठ' हा आहे. देकार्तच्या 1641 च्या 'चिंतनां'पैकी तिसऱ्या चिंतनात 'ऑब्जेक्टिव्ह' सत्तेचा उल्लेख येतो आणि वाचक तिला 'मनाबाहेरील खरीखुरी सत्ता' समजतो. देकार्तने हा शब्द मध्ययुगीन विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाकडून घेतला होता आणि तेथे त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे: सूर्याची कल्पना मनात असताना तिच्यात सूर्य ज्या प्रतिनिधिरूपाने असतो, ते त्याचे 'ऑब्जेक्टिव्ह' अस्तित्व होय, आकाशातील सूर्याच्या प्रत्यक्ष सत्तेला तो 'फॉर्मल' म्हणतो. कल्पनेत जेवढी प्रातिनिधिक सत्ता आहे, किमान तेवढी प्रत्यक्ष सत्ता तिच्या कारणात असलीच पाहिजे, या तत्त्वावर त्याने तेथे ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करू पाहिले आहे. दोन शब्दांची अदलाबदल झाली की ही सगळी सिद्धता निरर्थक वाटू लागते. ती सदोष असेलही, पण निदान तिचा खरा दोष शोधण्याची संधी वाचकाला मिळायला हवी.

दर्शनांतील अर्थ जसाच्या तसा आणणे

मराठीने ही परिभाषा मुख्यतः संस्कृत दर्शनांच्या शब्दभांडारातून घडवली. त्याला चांगला पर्याय नव्हता आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचेही कारण नाही. मात्र जुना शब्द आपल्या जुन्या घरचे अर्थ सोबत आणतो याचे भान हवे. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत आत्मा आणि मन ही दोन स्वतंत्र द्रव्ये आहेत. मन हे अणुपरिमाणाचे अंतरिंद्रिय आहे आणि ज्ञान हा मनाचा नव्हे, आत्म्याचा गुण आहे. सांख्यांच्या मते तर बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीपासून निघालेली, म्हणून जड आहेत, आणि द्वैताची सीमारेषा पुरुष व प्रकृती यांच्यामध्ये आहे. देकार्तने ती रेषा वेगळ्याच ठिकाणी ओढली. विचार करणे हेच ज्याचे सार आहे आणि ज्याला विस्तार नाही असे ते मन, तर विस्तार हेच ज्याचे सार ते शरीर. मन आणि आत्मा या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे तो मानत नाही. त्यामुळे 'मन आणि शरीर दोन्ही जडच, मग द्वैत कशाचे?' असा प्रश्न वाचकाला पडला, तर तो बुद्धिमान प्रश्न आहे, पण तो सांख्य दर्शनाच्या कपिलाच्या वर्गातील आहे, देकार्तच्या नव्हे.

'गुण' या शब्दाचेही तसेच आहे. लॉकचे प्राथमिक गुण म्हणजे भरीवपणा, विस्तार, आकृती, गती आणि संख्या, तर रंग, वास, चव हे दुय्यम. सत्त्व, रज, तम यांच्याशी त्यांचा संबंध नाही, कारण सांख्यांचे गुण हे प्रकृतीचे घटक आहेत. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते वनस्पतींनाही आत्मा असतो, हे वाचून मराठी वाचकाला जैन मताची आठवण होते. तेथे मात्र पोषण घेण्याची, वाढण्याची आणि प्रजननाची शक्ती एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. बंध आणि मोक्ष यांचा विषयच तेथे नाही.

नावातील 'वाद' पाहून पक्ष ठरवणे

महाराष्ट्रात 'बुद्धिवाद' म्हटले की गोपाळ गणेश आगरकर आणि 1888 मध्ये सुरू झालेला 'सुधारक' आठवतो. रूढी, शब्दप्रामाण्य आणि अंधश्रद्धा यांना दिलेले आव्हान आठवते. हा अर्थ मनात ठेवून सतराव्या शतकाकडे गेलेला वाचक चक्रावतो, कारण तेथील बुद्धिवादी देकार्त आणि लायब्निझ ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करण्यात गुंतलेले आहेत आणि धर्मश्रद्धेची सर्वांत धारदार चिकित्सा करणारा ह्यूम 'अनुभववादी' या दुसऱ्या गटात बसलेला आहे. तेथील वाद धर्म आणि विवेक यांच्यातील नसून जगाविषयीचे मूलभूत ज्ञान केवळ बुद्धीने मिळू शकते की त्याचा उगम अनुभवातच असतो, याविषयीचा आहे. आगरकरांच्या भूमिकेला 'बुद्धिप्रामाण्यवाद' आणि या भूमिकेला 'बुद्धिवाद' असा भेद लिखाणात कसोशीने पाळावा.

'आयडियालिझम'साठी 'आदर्शवाद' किंवा 'ध्येयवाद' लिहिणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. तो शब्द ध्येयनिष्ठ माणसाच्या वृत्तीला शोभतो. जगाचे अंतिम स्वरूप मानसिक किंवा चैतन्यरूप आहे या मताला मराठीत 'चिद्वाद' असा नेमका शब्द आहे. बर्कलीने स्वतः आपल्या मताला जडद्रव्याचा निषेध करणारे नाव दिले होते, हेही येथे लक्षात घ्यावे: झाडे आणि टेबले नाहीत असे त्याचे म्हणणे नव्हते, तर जाणिवेपासून स्वतंत्र असे जडद्रव्य नाही, एवढेच होते. 'वास्तववादा'बाबत तर शतक विचारल्याशिवाय पुढेच जाऊ नये. मध्ययुगात वास्तववादी म्हणजे सामान्ये ('माणूसपणा', 'लालपणा' अशी अनेक वस्तूंना समान असलेली रूपे) खरोखर अस्तित्वात आहेत असे मानणारा, आणि त्याचा विरोधक नाममात्रवादी. आधुनिक काळात वास्तववादी म्हणजे बाह्य जग ज्ञात्यापासून स्वतंत्र आहे असे मानणारा, आणि त्याचा विरोधक चिद्वादी. या न्यायाने प्लेटो एका अर्थी वास्तववाद्यांचा मूळपुरुष ठरतो.

तीन जोड्यांची एक जोडी करणे

'अनुभवपूर्व' ('अ प्रायोरी') या शब्दातील 'पूर्व' कालवाचक समजला जातो आणि जन्मतः मिळालेले ज्ञान असा त्याचा अर्थ लावला जातो. कांटने आपल्या याच 'चिकित्से'च्या 1787 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आरंभीच स्पष्ट केले आहे की, आपले सर्व ज्ञान अनुभवाबरोबर सुरू होते, पण म्हणून ते सर्व अनुभवातूनच निपजते असे नाही. प्रश्न केव्हा कळले याचा नसून कशाच्या आधारे समर्थन करता येते याचा आहे.

शिवाय अनुभवपूर्व व अनुभवोत्तर ही जोडी ज्ञानाविषयीची, विश्लेषक (केवळ संकल्पना उलगडणारे) व संश्लेषक (तिच्यात नवी भर घालणारे) ही विधानाच्या आशयाविषयीची, आणि अनिवार्य (अन्यथा असूच न शकणारे) व आगंतुक (अन्यथाही असू शकले असते असे) ही सत्याच्या स्वरूपाविषयीची आहे. या तिन्ही एकच मानल्या, तर 'सात अधिक पाच बरोबर बारा' हे विधान संश्लेषक असूनही अनुभवपूर्व आहे, हा कांटचा मुद्दा लिहिता येईल, समजणार नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ सोल क्रिप्कीने 1970 च्या व्याख्यानांत याच जोड्या पुन्हा एकमेकींपासून वेगळ्या केल्या: पहाटे दिसणारा शुक्र आणि सायंकाळी दिसणारा शुक्र एकच आहे, हे निरीक्षणानेच कळते, तरीही ते अनिवार्यपणे सत्य आहे.

अडल्यास काय तपासावे

परिच्छेद कळेनासा झाल्यास कोशाकडे धावण्यापूर्वी त्या शब्दाचा विरोधी शब्द कोणता आहे ते पाहावे. 'द्रव्य' हे गुणांच्या विरोधात आहे की अवस्थांच्या, 'फॉर्मल' हे 'मटेरियल'च्या विरोधात आहे की 'ऑब्जेक्टिव्ह'च्या, हे ठरले की अर्थ बहुधा सापडतो. त्यानंतर लेखकाने दिलेली व्याख्या शोधावी. देकार्तने 1644 मध्ये द्रव्य म्हणजे अस्तित्वासाठी दुसऱ्या कशाचीही गरज नसलेली वस्तू असे म्हटले, काटेकोर अर्थाने असा केवळ ईश्वरच आहे हेही मान्य केले, आणि तरीही मन व शरीर यांना दुय्यम अर्थाने द्रव्य म्हटले. स्पिनोझाने 1677 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही सवलत काढून घेतली आणि एकच द्रव्य शिल्लक राहिले. व्याख्या न वाचता त्याचा निष्कर्ष वाचणारा त्याला गूढवादी समजतो. व्याख्या वाचणाऱ्याला तो व्याख्येपासून पायरीपायरीने निष्कर्ष काढणारा हट्टी भूमितीकार दिसतो, आणि माझ्या मते दुसरे चित्र अधिक खरे आहे.

स्पर्धा परीक्षेसाठी तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेणारे अनेकजण हिंदी आणि मराठी टिपणे एकत्र वापरतात, त्यांनी आणखी एक तपासणी करावी. हिंदीत चिद्वादाला 'प्रत्ययवाद' म्हणतात. मराठीत 'प्रत्यय येणे' म्हणजे अनुभव येणे, त्यामुळे हिंदी टिपणातील 'प्रत्ययवाद' मराठी उत्तरात 'अनुभववाद' होऊन उतरण्याचा धोका असतो, आणि बर्कलीच्या बाबतीत तर तो सहज खपूनही जातो, कारण बर्कली दोन्ही आहे. हेगेल चिद्वादी असला तरी अनुभववादी नाही, त्यामुळे त्याच्यापाशी मात्र तीच चूक उत्तर उलटे करते. म्हणून हिंदी टिपणातील प्रत्येक 'वाद' मराठी वहीत घेताना त्याच्यापुढे एका तत्त्वज्ञाचे नाव आणि त्याने नाकारलेले एक मत लिहून ठेवावे.