गाणं चालू असताना सिगारेट ओढणाऱ्याला बाहेर कसं काढायचं

पुण्यातल्या आमच्या पबमध्ये शुक्रवारी लाइव्ह बँड असतो आणि दार मी सांभाळतो. "दादा, एकच झुरका!" ऐकून कान किटलेत.

आधी टेबलांवरचे ॲशट्रे उचला. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीच्या 2008 च्या नियमांनुसार बंदीच्या जागी ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचेच नसतात. ॲशट्रे दिसला की माणूस परवानगीच समजतो. दारावर धूम्रपानबंदीचा किमान 60 बाय 30 सेंटीमीटरचा बोर्ड लावा. तक्रार कुणाकडे करायची तेही त्यावर लिहावं लागतं. आमच्या बोर्डावर माझंच नाव आहे, भोगतोय.

सिगारेट ओढायला वेगळी खोली करायचीच असेल तर रेस्टॉरंटमध्ये किमान 30 जणांची बसायची सोय हवी. पडदा किंवा अर्धी काच चालत नाही. चारही बाजूंना छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारं दार, आणि एक्झॉस्ट थेट बाहेर. आतला हवेचा दाब हॉलपेक्षा कमी हवा, म्हणजे दार उघडल्यावर हवा आत ओढली जाते. दारात उदबत्ती धरून बघा: धूर आत वळला तर जमलं. तिथे ड्रिंक सर्व्ह करू नका, 2017 पासून मनाई आहे.

मालक म्हणतात, गिऱ्हाईक तुटेल. मला नाही पटत. धुरानं गाणाऱ्या पोरीचा घसा दुसऱ्या सेटला बसायचा, तेव्हाही टेबलं रिकामी व्हायचीच.

200 रुपयांच्या दंडाची भीती घालू नका, लोक हसतात. बिअर त्याहून महाग. गाणं संपेपर्यंत थांबा, मग खांद्यावर हात ठेवून दाराकडे न्या.